दोन काप

बशीवर कप वाजला. टिक्, टिक्, टिक्.

तोवर घरात कसलाच आवाज नव्हता. वीज गेली होती, पंखा थांबला होता. माझी छोटी भिंतीकडे तोंड करून झोपली होती. मी शेगडीपुढे बसून दुधाकडे बघत होते. कप वाजला तरी मी मान वळवली नाही. दोन-अडीच वर्षांत एवढं शिकले होते, की बाबांच्या हातातला कप वाजला तर बघायचं नाही. बघितलं की ते म्हणत, "बशी वाकडी आहे." मग मी बशी बदलून द्यायची. घरातल्या सहाही बश्या अशा वाकड्या ठरून झाल्या होत्या.

"आज किती कलमं बांधायची?" बाबांनी विचारलं.

"मालक म्हणाले, जमतील तेवढी."

"जमतील तेवढी हा काय आकडा झाला? मी दिवसाला चारशे बांधलीत. ह्याच्या बापाच्या वेळी."

"हो बाबा."

"चारशे. आणि त्यातली साडेतीनशे धरायची."

कप रिकामा झाला आणि आवाज थांबला. त्यांनी तो खाली ठेवला, खिशातून चाकू काढला, पातं अंगठ्यावर आडवं फिरवून बघितलं आणि परत खिशात घातला. चाळीस वर्षं त्यांची सकाळ अशीच होत आलेली. पुढे अंगणातून चालत गेलं की शेड. हिरव्या जाळीखाली पिशव्यांच्या रांगा, रांगांत काजूची रोपं, आणि मधोमध बाबांचं लाकडी स्टूल.

बाबा, म्हणजे माझे सासरे, कलमं बांधायचे. रोपवाटिकेच्या फाटकाला लागून असलेल्या ह्या दोन खोल्या थोरल्या मालकांनी कलमवाल्यासाठी म्हणूनच बांधल्या होत्या. ज्या घरात कलमाचा हात आहे ते घर इथे राहील, असं ते म्हणाले होते. लिहिलेलं कुठेच नव्हतं, पण तेवढ्यावर आमचं सगळं चाललं होतं. नवऱ्याचा हात काही कलमाला बसला नाही. एका जागी बसायचं म्हटलं की त्याच्या पाठीला मुंग्या यायच्या. तो रोपवाटिकेचा टेम्पो चालवायला लागला आणि आठवड्यातले चार दिवस बाहेर राहायला लागला. त्या रागात बाबा वर्षभर त्याच्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस, छोटी नुकती चालायला लागली होती तेव्हा, त्यांनी माझ्यापुढे जुना चाकू ठेवला. म्हणाले, "तू बघ."

दोन वर्षं मी नुसती बघत होते आणि पट्ट्या गुंडाळत होते. ह्या वर्षी पहिल्यांदा कापायला बसले, कारण ह्या वर्षी मागणीच तशी होती. बारा हजार कलमं. हंगाम जेमतेम सहा आठवड्यांचा आणि हात दोघांचे.

मालकांनी माणसं शोधायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. चहाच्या टपरीवर कागद चिकटवला, फोनवरून निरोप पाठवले. ह्यात ते एकटे नव्हते. रस्त्यापलीकडच्या पंपाच्या कारखान्याला वेल्डर मिळत नव्हता, बेकरीवाल्याला भट्टीवर माणूस मिळत नव्हता. काम मिळत नाही म्हणून बसलेली पोरं आणि माणूस मिळत नाही म्हणून आलेले मालक टपरीच्या एकाच बाकावर बसून चहा प्यायचे. एकमेकांना जागा करून द्यायचे. पुढे काही व्हायचं नाही.

शेवटी प्रशिक्षण केंद्रातून चौघं आली.

पहिल्याने शेडभर नजर टाकली. "सुपरवायझरची जागा आहे ना?"

"आहे की," मालक म्हणाले. "पण कुणावर? खाली माणूसच नाही."

तो फोन करून सांगतो म्हणाला. गेला.

दुसरा भला होता. त्याने बाही वर केली आणि विचारलं, "मशीन कुठे आहे?"

"कसलं मशीन?"

"कलम करायचं."

पाणी घालणाऱ्या मावशींनी नळी खाली टाकली आणि बाबांकडे बोट केलं. "ते काय, स्टुलावर बसलंय. चहावर चालतं."

तिसरा दुपारपर्यंत बसला. नऊ काड्या मोडल्या, एक बोट कापलं, मग हात धुवायला म्हणून उठला. त्याच्या चपला शेडच्या दाराशीच राहिल्या. पुढचे चार दिवस मावशी रोज म्हणायच्या, "अजून धुतोय वाटतं. स्वच्छ पोरगा."

चौथी मुलगी होती. चष्मा, पाठीला पिशवी, पिशवीत प्लास्टिकच्या वेष्टनात घातलेलं प्रमाणपत्र. मालकांनी ते उलटसुलट बघितलं.

"कलमं किती बांधलीत?"

"परीक्षेला एक."

"धरलं का?"

"माहीत नाही. निकाल त्याच्या आधी लागला."

मालक हसले नाहीत. त्या वेळी त्यांचा चेहरा हसण्याच्या पलीकडे गेला होता. "उद्यापासून ये," म्हणाले. सगळे तिला कोर्सवाली म्हणायला लागले. तीही त्या नावाला ओ द्यायला लागली.

तिला सगळं माहीत होतं. साल आणि लाकूड यांच्यामध्ये एक हिरवा पापुद्रा असतो, काडीचा पापुद्रा रोपाच्या पापुद्र्याला टेकला पाहिजे, मध्ये हवा राहिली की संपलं, हे ती एका दमात सांगायची. आणि चाकू हातात घेतला की काडी तिच्या हातातून मासोळीसारखी निसटायची. दिवसाला तिची वीस कलमं व्हायची, तीही वाकडी. बाबा तिच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत.

"बोलून कलम बसलं असतं," ते म्हणाले, "तर मालकांनी पोपट पाळला असता."

"आजोबा, मला दाखवा ना एकदा नीट," ती म्हणाली.

"दाखवतोच आहे की चाळीस वर्षं. बघणाऱ्याने बघावं."

बाबांची शिकवायची तऱ्हाच तशी होती. तोंडाने काही सांगायचं नाही आणि विचारलेलं तर मुळीच चालायचं नाही. समोर बसायचं आणि हात बघायचा. मी तसंच केलं होतं. रोपाचा शेंडा वीतभर उंचीवर छाटायचा, राहिलेल्या खुंटाला मधोमध चीर द्यायची. मग चांगल्या झाडाची काडी घ्यायची, तिच्या बुडाला दोन्ही बाजूंनी तिरकं कापून पाचर करायची, पाचर चिरेत बसवायची, वर पट्टी गुंडाळायची आणि प्लास्टिकची लांबट टोपी घालायची. पाचरीत सगळं येतं. बाबांचा चाकू काडीवर टेकायचा, खाली सरकायचा, अर्ध्यात थांबायचा. आणि मग उरलेलं उतरायचा. ते थांबणं मला फार आवडायचं. गाणाऱ्याने मध्ये श्वास घ्यावा तसं वाटायचं. सगळ्यात आधी मी तेच उचललं. दुपारी छोटीला थोपटताना माझा हात तिच्या पाठीवर तसाच चालायचा. सरक, थांब, सरक.

एके दिवशी कोर्सवालीने विचारलं, "ताई, तुम्ही एका बाजूला दोनदा का कापता?"

मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं, पण उत्तर तयार होतं. कधी तरी मीच माझी समजूत घालून घेतली असणार. म्हटलं, "पहिला काप लाकडाचा, दुसरा सालीचा."

"पुस्तकात एकच आहे."

"पुस्तकाला कुठे हात असतात?"

मावशी खो खो हसल्या. बाबासुद्धा मिशीत हसले. मला बरं वाटलं. त्या घरात येऊन सात वर्षं झाली होती आणि माझ्या बोलण्यावर बाबा पहिल्यांदा हसले होते.

तीन आठवडे आम्ही बांधत राहिलो. पालथ्या क्रेटवर बसून कंबर इतकी दुखायची की उठताना आधी गुडघ्यांवर हात, मग खांब, मग वर, असं तीन हप्त्यांत उठावं लागे. उजव्या अंगठ्याची कातडी जाड झाली. चिकाचे काळे डाग नखांत बसले ते निघेनात. जाळीखाली वारा नसायचा, मानेवरून घाम सरळ पाठीत उतरायचा. छोटी बालवाडीतून साडेअकराला यायची आणि माझ्या क्रेटमागे बसून पिशव्यांत माती भरायची, ओतायची, भरायची. मध्येच माझ्या पाठीला पाठ लावून झोपून जायची. मग मी हलायची नाही. नुसते हात चालू ठेवायची.

आमच्या ट्रेना वेगळ्या खुणा होत्या. बाबांच्या ट्रेला पांढरी चिंधी, माझ्या ट्रेला लाल. हे मालकांचंच काम. कुणाची किती धरतात ते कळावं म्हणून. बाबांना ते आवडलं होतं. "बघू दे की," म्हणाले.

बाविसाव्या दिवशी मालक पहिल्या ट्रेपाशी उकिडवे बसले. टोप्यांच्या आत पाण्याचे थेंब जमले होते. एव्हाना काडीच्या टोकाला हिरवा ठिपका दिसायला हवा होता. मालकांनी एक टोपी काढली. काडी काळी. दुसरी काढली. काळी. मग ते एकेक करून काढत गेले आणि शेडमध्ये फक्त प्लास्टिक सरकल्याचा आवाज येत राहिला. शंभरातल्या वीसबावीस काड्या हिरव्या निघाल्या. लाल चिंधी काय आणि पांढरी काय, दोन्हीकडे तेवढ्याच.

"ऊन," बाबा स्टुलावरून म्हणाले. "गेल्या वर्षीसारखंच. ऊन लागलंय."

कोर्सवालीने माझ्या ट्रेमधलं एक मेलेलं कलम उचललं, पट्टी सोडली आणि पाचर बाहेर काढली. उजेडाकडे धरली. मग पांढऱ्या चिंधीच्या ट्रेमधली एक काढली आणि तिच्याशेजारी धरली.

"ताई, हात लावून बघा."

मी बोट फिरवलं. पाचरीच्या मध्यावर एक उंचवटा होता. तांदळाच्या कणीएवढासुद्धा नसेल. पहिला काप संपतो आणि दुसरा सुरू होतो तिथे. दुसऱ्या काडीवर बोट फिरवलं. तिथेच, तेवढाच.

"ह्याच्यामुळे पाचर चिरेत टेकत नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "खाली-वर फट राहते. हवा राहते."

मालक तिच्या मागेच उभे होते. त्यांनी दोन्ही काड्या घेतल्या आणि खिशात ठेवल्या. मग मला म्हणाले, "वहिनी, जरा टाकीकडे या."

टाकीमागे नळ गळत होता. मालक त्या गळणाऱ्या नळाशी बोलावं तसे बोलले. माझ्याकडे बघितलं नाही.

"काकांचा हात कधीपासून असा आहे?"

"कसा?"

"माझ्यापुढे नको, वहिनी. मी लहानपणी त्यांच्या पायाशी बसून बघितलंय. चाकू एकेका बाजूने एकदा गेला की पाचर तयार. दुसरा काप मी कधी बघितला नाही."

नळाचा थेंब पडायचा तिथे सिमेंटला एक वाटी झाली होती, ती मी बघत राहिले. बाबांचा हात अर्ध्यात अडखळत होता आणि मी ते अडखळणं काम म्हणून शिकले होते. माझ्या हातात काहीच दुखणं नव्हतं. तरी तो त्यांच्या जागेवर थांबत होता.

"जवळजवळ सहा हजार गेली," मालक म्हणाले. "उरलेल्यांना पंधरा-सोळा दिवस आहेत. बाहेरून टोळी आणता येईल. दहा फोन केले तेव्हा एक टोळी मिळाली. पण त्यांना राहायला खोल्या लागतील, आणि माझ्याकडे खोल्या म्हणजे तुमच्याच."

"आणि नाही आणली तर?"

"तुमचा हात चालतो. फक्त चुकीचा शिकलाय. ती पोरगी सांगेल, तुम्ही करा. एका कापाच्या शंभर पाचरी मला दाखवा, टोळी रद्द. खोल्या तुमच्याकडे, पुढच्या वर्षीपण." ते थांबले. "पण काकांनी चाकू खाली ठेवायचा. एकही काडी नाही. सोमवारी नव्या काड्या येतील, त्याच्या आत त्यांना सांगा."

"मी?"

"मग कोण?"

"तुम्ही सांगा ना. तुम्ही मालक आहात."

"माझे वडील गेले तेव्हा मला रोपं ओळखता येत नव्हती. ह्या माणसाने मला सगळं दाखवलं. मी त्यांना काय सांगू, उठा म्हणून?" त्यांनी नळ घट्ट करायला बघितला, तो होईना. "घरातल्या माणसाने सांगितलेलं वेगळं असतं, वहिनी."

आम्ही परत आलो तेव्हा बाबा उभे राहिले होते. मालक आपल्याला काही विचारतील असं वाटून उभे राहिले असावेत. मालकांनी विचारलं नाही. मग बाबा माझ्यावर घसरले, सगळ्यांच्या देखत.

"कितीदा सांगितलं हिला, घाई करू नकोस. हात स्थिर नको? मी कधी असं शिकवलंय? बाईमाणसाचं लक्ष चार ठिकाणी. पोर मागे, स्वयंपाक पुढे!"

"हो बाबा," मी म्हटलं. "घाई झाली."

"आणि माझ्या ट्रेला ऊन लागलं. तिकडची जाळी फाटकी आहे."

"हो."

मावशींनी माझ्याकडे बघितलं, मग नळी उचलली आणि फाटकी नसलेल्या जाळीखालच्या रोपांना पाणी घालायला गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून कोर्सवाली आणि मी शेडच्या मागच्या टोकाला बसायला लागलो, पिशव्यांच्या ढिगाआड. बाबांना सांगितलं, मालकांनी खराब काड्या निवडायला बसवलंय. बाबा पुढे आपल्या स्टुलावर बसून बांधत राहिले. त्यांची बांधलेली कलमं संध्याकाळी मालक स्वतः उचलून न्यायचे. कुठे न्यायचे ते मी विचारलं नाही.

"थांबू नका, ताई."

"नाही थांबत."

"थांबलात."

थांबायचीच. काडीच्या त्याच जागेवर हात आपोआप अडायचा, उंबऱ्याशी बैल अडतो तसा. मी डोळे मिटून बघितलं, जीभ चावून बघितलं. चाकू बदलला. पहिल्या दिवशी दोनशे काड्या वाया घालवल्या. कोर्सवालीने शेवटी स्वतःचा तळवा माझ्या कोपराखाली धरला आणि हात अडायला आला की ती खालून हलकेच ढकलायची. तिला कापता येत नव्हतं, पण अडणं आधी कळायचं. दोन बायका मिळून एक काडी कापतायत, हे बघून मावशी म्हणाल्या, "दोघींत मिळून एक कारागीर झाला म्हणायचं. अर्धा-अर्धा पगार घ्या."

छोटी समोर मातीत बसून बघायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी चाकू गेला. नुसता गेला, टोकापर्यंत. पाचर निघाली ती जिभेने चाटून घेतलेल्या चमच्यासारखी. कोर्सवालीने अंगठा फिरवला आणि चष्मा काढून पुसायला लागली. मला आनंद व्हायला हवा होता. मी दुसरी काडी घेतली.

शनिवारी दुपारपर्यंत शंभर झाल्या. मालकांनी एकेक तपासली. त्यांनी टोळीला फोन लावला आणि बोलत बोलत लांब गेले. जाताना माझ्याकडे बघून सोमवार एवढाच शब्द ओठांनी म्हणाले.

ह्या सगळ्या दिवसांत संध्याकाळी घरी वेगळंच चाललं होतं. बाबांनी ठरवलं होतं की माझा हात आता तेच सुधारतील. पडवीत समोर बसवायचे, टाकाऊ काड्या पुढे टाकायचे. "काप."

मी कापायची. सरक, थांब, सरक.

"हां. आता बघ. सावकाश केलं की येतं." ते काडी हातात घ्यायचे, लांबून बघायचे. त्यांच्या लेखी तो एकच काप होता. मधलं थांबणं त्यांना दिसत नव्हतं, की दिसत होतं आणि त्यांनी बघायचं नाही असं ठरवलं होतं, मला कळलं नाही. मी दोन हात घेऊन जगत होते. शेडच्या मागे एक, पडवीत दुसरा. पहिल्या दिवशी भीती वाटली की एकाने दुसरा बिघडेल. तसं झालं नाही. दोन्ही निमूट आपापलं काम करत राहिले.

शनिवारी सांजेला नवरा आला. टेम्पो धूत होता तिथे मी बादली घेऊन गेले.

"सांगितलंस?"

"नाही."

"मी सांगितलं असतं गं. पण मी तोंड उघडलं की म्हणणार, तुला काय कळतंय हातातलं. तिथेच विषय संपणार."

"माहीत आहे."

"तू सांग. तुझ्यावर रागावायचे नाहीत ते."

"रागावले तर बरं होईल."

त्याने फडकं पिळलं. मग चाकापाशी वाकून एकच जागा बराच वेळ घासत राहिला.

रविवारी जेवणं झाल्यावर बाबा पडवीत दगड घेऊन बसले. दगडावर पाणी सोडलं आणि चाकूला धार लावायला लागले. खर्र, खर्र, मध्ये अडखळत. उद्या नव्या काड्या यायच्या होत्या. मी भांडी आवरली, हात पुसले, परत ओले केले, परत पुसले. मग जाऊन त्यांच्यासमोर बसले. ऊन पडवीच्या कडेपर्यंत आलं होतं. त्यांच्या हातावर पांढरे केस होते आणि त्यांत दगडाचा राखाडी रेंदा लागला होता.

"बाबा."

"हं."

"उद्या..."

"माहीत आहे. म्हणून तर धार लावतोय." त्यांनी पातं उजेडात धरलं. पातं थरथरलं, त्यांनी ते लगेच खाली घेतलं. "तुझाही चाकू आण. तुझीही लावून देतो. ह्या वेळी तुझी जास्त धरली पाहिजेत, काय? मी आता किती वर्षं पुरणार?"

मी तोंड उघडलं. एक वाक्य होतं, चार-पाच शब्दांचं. टाकीमागून आल्यापासून मी ते भाजी चिरताना, छोटीची वेणी घालताना मनात म्हणत आले होते. आत्ता त्याचा पहिला शब्दच सापडेना.

तेवढ्यात छोटी अंगणातून आली. एका हातात कुंपणालगतच्या रानझाडाचे दोन जाड ओले देठ, दुसऱ्या हातात स्वयंपाकघरातला चमचा.

"आजोबा, मी कलम करते. बघा."

"अरे वा! बस, बस. मला दाखव."

ती फतकल मारून बसली. जिभेचं टोक बाहेर काढलं, चमच्याची कड देठावर टेकवली, खाली सरकवली, अर्ध्यात थांबली. मनगट जरासं थरथरवलं. मग उरलेलं कापलं.

बाबा इतके हसले की त्यांना खोकला आला. "बघ! ह्याला म्हणतात हात! बापात उतरला नाही, पोरीत उतरला."

"थांबा, दुसरं पण येतं," छोटी म्हणाली. तिने दुसरा देठ घेतला, चमचा टेकवला आणि सरळ टोकापर्यंत नेला. न थांबता. मग दोन्ही देठ बाबांच्या मांडीवर शेजारी शेजारी ठेवले.

बाबा अजून हसत होते. त्यांनी एक देठ उचलला आणि सवयीने कापावरून अंगठा फिरवला. अंगठा मध्येच अडला. तो ठेवून त्यांनी दुसरा उचलला. त्यावरून अंगठा नुसता निघून गेला. त्यांनी परत पहिला घेतला. हसणं चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, पण आता त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्यांनी अंगठा पुन्हा फिरवला आणि उंचवट्यावर तसाच ठेवला. मग माझ्याकडे बघितलं.

छोटीने माझा पदर ओढला.

"आई, शेडमध्ये तू असं एकदाच कापतेस," ती म्हणाली, "मग घरी आजोबांसमोर दोनदा का कापतेस?"